ह्रास्तची शोकाकुल मंडळी

सुवी यासेन गावच्या 'ह्रास्त' फुटबॉल क्लबात नुसता आकडा पाठीवर घालून कोणी मैदानात उतरत नाही. प्रत्येक आकड्याला एक दुकान आहे. नऊ नंबर तिहोमिरच्या बेकरीचा, सात नंबर सायकलवाल्याचा, पाच नंबर बी-बियाणांच्या दुकानाचा. ज्याचा नंबर त्याने त्या खेळाडूचा शर्ट शिवायचा, त्यावर दुकानाचं नाव घालायचं, बूट घ्यायचे आणि पोराने गोल मारला की त्याला संध्याकाळी पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं. दुकान बंद पडलं की आकडाही खुंटीला लागतो. दुसरं कोणी पुढे येईपर्यंत तो कोणी अंगात घालत नाही. हमरस्त्यावर सिनिमार्केट नावाचं भलंमोठं दुकान उघडल्यापासून चांभाराचा चार नंबर, कापडवाल्याचा सहा नंबर आणि रेडिओ दुरुस्तीचा अकरा नंबर असे तीन शर्ट खुंटीला लागले आहेत.

एक नंबर, म्हणजे गोलकीपर, स्तामेन्काचा. आणि स्तामेन्का विकते शवपेट्या. शिवाय लाकडी क्रूस, मेणबत्त्या, प्लास्टिकच्या फुलांची चक्रं. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ती मृत्यूचे कागद छापते, काळ्या चौकटीचे, गावातल्या खांबाखांबावर लावतात ते. दुकानाचं नाव 'चिरशांती'. नाव तिच्या वडिलांनी ठेवलं आणि एक नंबरही त्यांनीच घेतला. बाकीच्या सगळ्या खेळाडूंच्या आयांनी 'आमच्या पोराच्या पाठीवर शवपेटी नको' म्हणून गळा काढला होता. तेव्हाचा गोलकीपर त्यांचा सख्खा पुतण्या होता आणि त्याच्या आईला कोणी विचारलंच नाही.

आता गोलात ओग्नेन असतो, गावचा पोस्टमन, चौतीस वर्षांचा आणि पोटाने भरभक्कम. तो आडवा पडला की पाहुण्यांकडून आरोळी येते, "ए चिरशांती, ऊठ, अजून तुझी वेळ भरली नाही!" गोल खाल्ला की आपलेच लोक ओरडतात, "चिरशांती, पेटीत झोपलास काय रे?" स्तामेन्का पहिल्या रांगेत उशी टाकून बसलेली असते, सूर्यफुलाच्या बिया सोलत. एकसष्ट वर्षांची बाई, लग्न केलं नाही, जीभ मात्र नवऱ्याला पुरून उरली असती. तिला त्या आरोळ्यांचा राग येत नाही. आठवडाभर लोक तिच्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या पदपथावरून जातात, नजर चुकवतात. शनिवारी तेच लोक घसा फाटेपर्यंत तिच्या दुकानाचं नाव घेतात. त्या दीड तासासाठी ती आठवडा काढते, असं म्हटलं तरी चालेल.

तर एका मंगळवारी क्लबाचे अध्यक्ष राडोसाव तिच्या दुकानात आले. हे गावचे दातांचे डॉक्टर. दात उपटायच्या आधी जसे गोड बोलतात तसे गोड बोलत आले, तेव्हाच स्तामेन्काच्या लक्षात आलं की काहीतरी उपटायचं आहे.

"स्तामेन्का, चांगली बातमी आहे. सिनिशा क्लब घ्यायला तयार आहे. दिवे लावणार मैदानाला. नवे शर्ट, बस, सगळं."

सिनिशा म्हणजे सिनिमार्केटवाला. इथलाच, याच गावात नाक पुसत मोठा झालेला.

"घ्यायला म्हणजे? क्लब काय बटाट्याचं पोतं आहे?"

"तसं नाही गं. नाव बदलेल थोडंसं. 'सिनिमार्केट' म्हणून खेळायचं. आणि शर्टावर एकच नाव, त्याचं. बाकीची नावं निघतील."

"सगळी?"

"सगळी." डॉक्टरांनी एका शवपेटीच्या झाकणावर बोटाने रेघ ओढली. "खरं सांगू का, तुझ्या नावापासूनच विषय निघाला. सिनिशा म्हणतो, लोक मुलाबाळांना घेऊन येतात, तिथे गोलकीपरच्या पाठीवर शवपेट्यांची जाहिरात बरी दिसत नाही."

"मुलाबाळांना घेऊन येतात आणि त्यांचे आजोबा गेले की माझ्याकडेच येतात. त्याचा स्वतःचा बाप माझ्याच पेटीतून गेलाय. ओकची होती, पितळी कड्यांची. तेव्हा बरी दिसली?"

"शनिवारी तीन वाजता सभा आहे, सामन्याच्या आधी," डॉक्टर म्हणाले. "बाकी दुकानदार तयार आहेत. तिहोमिरसुद्धा. तू उगाच फाटे फोडू नकोस."

ते गेल्यावर स्तामेन्काने दुकानाला कुलूप घातलं आणि दारोदार फिरली. सायकलवाला चाकाच्या तारा मोजत बसला, मान वर करायला तयार नाही. बियाणंवाला म्हणाला, "अगं बाई, दिवे येतायत, येऊ दे की! आपण काय, आज आहोत उद्या नाही." हे वाक्य शवपेट्या विकणाऱ्या बाईला ऐकवायची हिंमत केली म्हणून त्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं होतं. तिहोमिरने तर तिला दारातच अडवलं. पिठाचे हात हवेत धरून म्हणाला, "दोनशे पाव, स्तामेन्का. रोज दोनशे पाव त्याच्याकडे जातात माझे. भट्टी त्यावर चालते. मी शनिवारी येणारच नाही सभेला. ना बाजूने, ना विरोधात. तू मला पाहिलं नाहीस, मी तुला पाहिलं नाही."

सगळे असेच घरी बसणार होते. डॉक्टर आणि सिनिशा त्यावरच विसंबून होते. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात क्लबाचं सदस्यत्वाचं कार्ड आहे, पण सभेला दरवर्षी नऊ माणसं येतात आणि त्यातली दोन कॉफीसाठी. नऊ जणांत पाच हात वर झाले की एकाहत्तर वर्षांचा क्लब सिनिशाच्या खिशात जाणार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नावं मिटवणार, आणि तीही गुपचूप, नऊ माणसांसमोर!

बुधवारी सकाळी ती एका म्हाताऱ्याचा मृत्यूचा कागद छापत होती. टेकडीवरचा माणूस, शेळ्या पाळायचा, आयुष्यात दहा माणसांशी धड बोलला नसेल. तरी त्याच्या अंत्ययात्रेला दोनशे लोक येणार हे तिला ठाऊक होतं, कारण ती रोज तेच बघते. सुवी यासेनमध्ये सभेला जायला कोणाला वेळ नसतो. पण खांबावर काळी चौकट दिसली आणि खाली वेळ दिसली की माणूस काम टाकून, काळे कपडे चढवून हजर होतो. न जाणं हे इथे कोणाला जमतच नाही. तिचा हात कळफलकावर थांबला. मग तिने म्हाताऱ्याचा कागद छापून बाजूला ठेवला आणि दुसरा लिहायला घेतला.

"अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की आमचा लाडका ह्रास्त, वय एकाहत्तर वर्षे, थोड्या दिवसांच्या पण श्रीमंत आजाराने आम्हाला सोडून जात आहे. अंत्ययात्रा शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉलच्या मैदानावरून निघेल. येताना क्लबाचे कार्ड आणावे."

आणि खाली, जशी रीत आहे तशी, शोकाकुल मंडळींची नावं. इथे ही यादी म्हणजे गंमत नाही. कोण आधी, कोण नंतर, कोण राहून गेलं, यावरून भाऊ भावाशी दहा दहा वर्षं बोलत नाहीत. स्तामेन्काने पहिलं नाव आपलं घातलं. मग दोन नंबरवाला खाटीक, तीन नंबरवाला. बंद पडलेली तीन दुकानंही घातली, कारण ते तर खरेच शोकाकुल होते. नऊवर आली तेव्हा थोडी थांबली. तिहोमिरचे हवेतले पिठाचे हात तिला आठवले. मग तिने त्याचंही नाव घातलं आणि कोणालाही न विचारता साठ कागद छापले. दुपारपर्यंत विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर, चर्चच्या फाटकावर आणि सिनिमार्केटच्या दारासमोरच्या झाडावर ते लागलेही.

गुरुवारी दुकानाची घंटा थांबेना.

पहिला बियाणंवाला आला. नाकाला मिरच्या झोंबलेल्या. "मला विचारल्याशिवाय माझं नाव घातलंस? मी शोक करतोय असं तुला कोणी सांगितलं?"

"नाही करत?"

"माझा प्रश्न तो नाही!"

"मग हे घे." तिने काळं जाड पेन पुढे केलं. "तुझ्या दारासमोरच खांब आहे. जा आणि आपल्या हाताने आपलं नाव खोड. सगळ्यांदेखत. मी एक शब्द बोलणार नाही."

त्याने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. शोकाकुलांच्या यादीतून आपणहून नाव काढणारा माणूस सुवी यासेनने अजून पाहिलेला नाही. मेलेल्याशी कोर्टात भांडणारे लोकही यादीतलं नाव राहू देतात. पेन गल्ल्यावर ठेवून तो पुटपुटत निघून गेला. सायकलवाल्याचंही तेच झालं. खाटीक तर पेनला हात न लावताच परतला.

दुपारी काठी आपटत पेरसिदा आजी आली. वय शहाऐंशी. ही डॉक्टर राडोसावची आई.

"माझं नाव कुठाय?" तिने दारातूनच विचारलं.

"आजी, तुमचं दुकान नाही ना."

"दुकान नाही! मैदानाच्या जागी दलदल होती, ती माझ्या नवऱ्याने उपसली. अकरा वर्षं ते चिखलाचे शर्ट मी नदीवर धुतले, बर्फ पडलेला असताना. माझी बोटं बघ! आणि यादीत खाटीक आहे, मी नाही? गावात तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस मला."

"आजी, पण तुमचा राडोसावच..."

"राडोसावला मी जन्म दिलाय, त्याने मला नाही. छाप!"

स्तामेन्काने नवे साठ कागद छापले. सर्वांत वर, ठसठशीत: पेरसिदा. डॉक्टरांनी संध्याकाळी चर्चच्या फाटकावर आपल्याच आईचं नाव वाचलं आणि तसेच घरी गेले. त्या घरात काय बोलणं झालं ते शेजाऱ्यांनाही नीट ऐकू आलं नाही, फक्त काठीचा आवाज आला.

तिहोमिर शुक्रवारी आला, सगळ्यांत शेवटी. तो ओरडला नाही. त्याने टोपी काढली आणि शवपेट्यांकडे न बघता बोलला.

"तू हुशार आहेस, स्तामेन्का. पण तुझ्या दुकानाला सिनिशा काय करणार? लोक मरायचे थांबणार आहेत? माझं तसं नाही. मी तुला हात जोडून सांगितलं होतं, मला यात ओढू नकोस. तू मला काळ्या चौकटीत घालून त्याच्या दारासमोरच्या झाडावर चिकटवलंस."

चार दिवस स्तामेन्काला सगळ्यांचा राग आला होता, आता पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. तिने पेन उचललं. "मी खोडते. मी स्वतः जाते, साठही ठिकाणी."

"आता काय खोडतेस? सगळ्या गावाने वाचलं," तिहोमिर म्हणाला आणि टोपी घालून गेला.

रात्रभर तिला डोळा लागला नाही. आपण चुकलो हे तिला पटलं होतं, आणि तरीही शनिवार मागे घ्यायची तिची तयारी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे तिने पहाटे उठून अंत्ययात्रेच्या ताटासाठी गहू शिजत ठेवला.

शनिवारी अडीचलाच मैदान काळं झालं. बायका काळे रुमाल बांधून, पुरुष लग्नामर्तिकाचा एकुलता एक कोट घालून. कोणी फुलं आणली, कोणी प्लमची दारू, राकीया. बाटली फिरली की प्रत्येक जण आधी मेलेल्याच्या नावाने दोन थेंब मैदानावर सांडत होता. पाद्री तेवढे आले नाहीत. हा देवाचा अपमान आहे म्हणाले, पण आपल्या बायकोला पाठवलं, कार्ड देऊन. खांबांवरचं वाचून काही लोक तर खरोखर रडत आले होते. ओग्नेन एक नंबरचा शर्ट घालून गोलाच्या खांबाला टेकून उभा होता आणि येणारा प्रत्येक जण त्याच्याशी हात मिळवत होता, जणू तोच घरचा मोठा मुलगा.

स्तामेन्का फाटकात ताट घेऊन उभी राहिली. ताटात शिजवलेला गहू, साखर, अक्रोडाची पूड, बाजूला चमचे आणि पाण्याचा ग्लास. अंत्ययात्रेला आलेला माणूस छातीवर क्रूस काढतो, चमचाभर गहू खातो, मेलेल्यासाठी दोन शब्द म्हणतो, चमचा ग्लासात टाकतो आणि पुढे जातो. चालायला लागल्यापासून इथे प्रत्येकाला हे येतं.

तीनला पाच कमी असताना सिनिशाची मोठी गाडी आली. मागच्या सीटवर नारिंगी शर्टांची खोकी. तो फोनवर बोलतच उतरला. एवढी गर्दी बघून त्याचा चेहरा आधी खुलला, मग गोंधळला. फोन खिशात टाकत तो फाटकाशी आला, आणि समोर ताट. स्तामेन्काने ताट थोडं पुढे केलं.

सिनिशाचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा. त्याने चमचा उचलला, गहू तोंडात घातला आणि बापाच्या, आजीच्या, काकाच्या वेळी म्हटलं होतं तसंच म्हणाला, "देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो."

चमचा ग्लासात पडला.

"कोणाच्या आत्म्याला रे, सिनिशा?" पेरसिदा आजीने खुर्चीतून विचारलं.

त्याच्या तोंडात गहू तसाच होता. थुंकता येईना, गिळता येईना.

"ऐकलंत ना," आजी म्हणाली, "मारायला आलेलाच रडून मोकळा झाला."

तेव्हा जे हसू फुटलं ते थांबेना. काळ्या रुमालातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. सिनिशा लालबुंद झाला. त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं. स्तामेन्कावर ओरडून उपयोग नव्हता आणि आजीवर ओरडायची सोय नव्हती. त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती पीठ लागलेल्या काळ्या कोटावर थांबली. तिहोमिर आला होता. येणार नाही म्हणणारा तिहोमिर, कारण खांबावर नाव असताना घरी बसणं त्याच्याच्याने झालं नव्हतं.

"तूसुद्धा, तिहोमिर?" सिनिशा म्हणाला. "ठीक आहे. सोमवारपासून पाव आणू नकोस."

हसणं तिथल्या तिथे विरलं. ताट खाली ठेवून स्तामेन्का दोन पावलं पुढे झाली. "सिनिशा, त्याला काही म्हणू नकोस. नाव मी घातलं. त्याला न विचारता घातलं. तो तयार नव्हता."

"गप्प बस, स्तामेन्का," तिहोमिर म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. त्याने कोटाच्या खिशातून क्लबाचं कार्ड काढलं, कडा झिजलेलं. ते हातात धरून तो सिनिशाकडे बघत राहिला. एवढ्या वेळात गावातल्या प्रत्येकाचे मनातल्या मनात दोनशे पाव मोजून झाले असतील.

"सोमवारची वाट कशाला बघतोस?" तो शेवटी म्हणाला. "उद्यापासूनच नाही आणत."

आणि त्याने कार्डासकट हात वर केला. अजून सभा सुरू झाली नव्हती, प्रस्ताव वाचला नव्हता, कोणी मत मागितलंही नव्हतं. तरी हात वर. त्याच्या मागे सायकलवाल्याचा. मग खाटकाचा. बियाणंवाल्याने आधी इकडे तिकडे बघून घेतलं, पण त्याचाही. मग एकदम सगळ्या मैदानाचा, काळ्या बाह्यांचं जंगलच उभं राहिलं.

"अहो, थांबा, कशाच्या बाजूने? आधी प्रस्ताव तरी वाचू द्या!" डॉक्टर राडोसाव कागद नाचवत ओरडले.

"विरोधात," आईने सांगितलं. "मोज."

डॉक्टरांनी मोजायला घेतलं, साठापर्यंत गेले, चुकले, परत सुरुवात केली. दुसऱ्यांदा शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. सिनिशा तोवर गाडीत बसला होता. नारिंगी शर्टांची खोकी होती तशीच मागच्या सीटवरून परत गेली.

स्तामेन्का तिहोमिरजवळ गेली. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "दोनशे पावांचं काय करशील रे?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "उद्या चारला उठेन तेव्हा रडेन. आत्ता नाही." मग तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, "आणि पुन्हा विचारल्याशिवाय माझं नाव कुठे घातलंस तर तुझ्याच पेटीत तुला घालीन."

तिने मान हलवली. डोळे पुसायला तिला काळ्या रुमालाचं टोक बरं पडलं.

तेवढ्यात पाहुण्यांची बस आली. लुग गावचा संघ. उतरताना त्यांनी बसथांब्यावरची काळी चौकट वाचली असावी, कारण सगळे दंडाला काळी फीत बांधून, खाली मान घालून रांगेत आले. त्यांचा कप्तान, उंचच उंच दाढीवाला गडी, सरळ स्तामेन्कापुढे उभा राहिला आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काकू, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. असं असेल तर सामना पुढे ढकलूया का?"

स्तामेन्काने हात सोडवून घेतला.

"ढकलायचा कशाला? बरोबर पाच वाजता खेळायचं. आणि जिंकायचं असेल तर खुशाल जिंका, रडायला अख्खं गाव कपडे करूनच आलंय."